पत्रात राहून गेलेला दिवा

त्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना बाई म्हणत. पदवीने त्या डॉक्टर होत्या आणि हुद्द्याने वरिष्ठ संशोधक, पण रुजू झाल्या त्या दिवशी नानांनी त्यांना दारातच अडवून "बाई, चपला बाहेर" असं दटावलं होतं, आणि तेव्हापासून तेच नाव चिकटलं. नाना म्हणजे पेशी सांभाळणारे. उबदार कपाटात ओळीने मांडलेल्या चपट्या बाटल्या, त्यांच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी आणि वर गुलाबी रंगाचं खाद्यपाणी. ते दर तीन दिवसांनी बदलायचं, दाटी झाली की निम्म्या पेशी दुसऱ्या बाटलीत हलवायच्या. सुट्टी असो, संप असो, घरी पाहुणे असोत, नाना यायचेच. "गोठ्यातली जनावरं परवडली," ते म्हणत, "ती निदान हंबरतात. या गुपचूप मरतात."

बाईंचं काम एचआयव्हीवर होतं. तरुणपणी त्या एका रक्ततपासणी केंद्रात नोकरीला होत्या आणि रिपोर्ट हातात द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. एका शिक्षिकेने तो कागद घड्या घालून घालून काडेपेटीएवढा केला आणि विचारलं होतं, "औषधाने जातो ना हा?" त्या दिवसानंतर औषधं कुठल्या कुठे पोचली. नेमाने गोळ्या घेतल्या तर आता माणूस चारचौघांसारखा म्हातारा होतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण जातो का, याचं उत्तर मात्र अजून नाही असंच होतं. कारण हा विषाणू पेशीत नुसता पाहुणा म्हणून येत नाही. तो स्वतःची प्रत पेशीच्या डीएनएतच घालून ठेवतो, आणि एकदा घातली की ती काढता येत नाही.

गंमत अशी, की हे घालण्याचं काम त्याला एकट्याला पुरं करता येत नाही. डीएनए कापून तो स्वतःला आत बसवतो खरा, पण दोन्ही टोकांना बारीक फटी राहतात. त्या बुजवतात पेशीची स्वतःची दुरुस्ती करणारी प्रथिनं. उन्हाने, धुराने, नुसत्या जगण्यानेसुद्धा डीएनए रोज हजारो ठिकाणी बिघडत असतो आणि ही प्रथिनं जन्मभर तो नीट करत असतात. त्यांना काय ठाऊक, ही फट कोणी पाडली! बिघाड दिसला की बुजवायचा. पण सगळीच प्रथिनं अशी भोळी नसतात. काही दुरुस्तीवाले विषाणूची प्रत बसायच्या आतच तिला गाठतात आणि मोडीत काढतात. म्हणजे चोराला शिडी धरणारे कोण आणि त्याची तंगडी ओढणारे कोण, हे एकेका प्रथिनाबाबत शोधत बसणं, हा बाईंचा आठ वर्षांचा उद्योग.

एखादं प्रथिन काय करतं हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे, ते नसलं की काय होतं ते बघायचं. त्यासाठी सतरा नंबरच्या पेशी होत्या. ऊन लागून झालेला बिघाड कापून काढणारी जी प्रथिनांची टोळी असते, तिच्यातलं एक प्रथिन जन्मतःच बिघडलेलं, अशा एका मुलीच्या त्वचेतून त्या आल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी रुग्णालयाने तपासणीसाठी दंडावरचा मसुराएवढा तुकडा घेतला होता. त्यातल्या काही पेशी संशोधनाला मिळाल्या आणि न थांबता वाढत राहतील अशा करून घेतल्या गेल्या. बाईंना माहीत होतं ते एवढंच: मुलगी, वय नऊ, नंबर सतरा.

सतरा नंबरमध्ये विषाणू इतर पेशींच्या जवळजवळ तिप्पट बसत होता. यावरून ते प्रथिन तंगडी ओढणाऱ्यांपैकी असावं असं दिसत होतं. पण 'असावं' आणि 'आहे' यांच्यात शास्त्रात बरीच वाट चालावी लागते. सतरा नंबरमध्ये आणखीही काही वेगळं असू शकत होतं. म्हणून शेवटचा प्रयोग उरला होता. त्याच पेशींत ते प्रथिन परत घालायचं आणि विषाणूचं बसणं कमी होतं का ते बघायचं.

नेमका त्याच सुमारास नियम बदलला. लहानपणी घेतलेले नमुने जुन्या संमतीवर यापुढे वापरायचे नाहीत. कुटुंबाला नव्याने पत्र पाठवायचं, नमुन्याचं काय चाललंय ते साध्या भाषेत सांगायचं आणि सही मागायची. सही नाही, तर काम बंद.

विभागप्रमुखांनी मसुदा वाचला आणि एका शब्दावर पेन टेकवलं. "याचं नाव कशाला? 'एका विषाणूवर संशोधन' लिहा. खोटं काही नाही त्यात."

"पण खरंही पुरतं नाही, सर."

"लोक हे नाव वाचलं की पुढचं वाचत नाहीत. प्रयोग तुमचाच बुडेल."

"बुडू दे," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पत्र त्यांनी चार वेळा लिहिलं. कठीण शब्द काढले, वाक्यं तोडली. शेवटचा खर्डा नानांना वाचून दाखवला आणि विचारलं, "कळतंय का?"

"मला कळतंय," नाना म्हणाले. "पण मला कळण्याचा पगार मिळतो. त्यांना पाठवा, म्हणजे समजेल."

पत्र रुग्णालयामार्फत गेलं. नवव्या दिवशी सकाळी ते पत्र हातात घेऊन एक माणूस प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर आणि मनगटांवर जुन्या कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. बसा ना."

तो बसला नाही. "माझी मुलगी जाऊन सात वर्षं झाली. चौदाची होती. चौदा वर्षं तिला उन्हाची तिरीप लागू दिली नाही आम्ही. मी काचा बसवतो. लोकांच्या घरात उजेड आणून देणं हा माझा धंदा, आणि स्वतःच्या घराच्या खिडक्यांना मी या हातांनी प्लायवूड ठोकलं. आणि तुम्ही तिच्यात हा रोग घालताय?"

बाईंकडे उत्तर तयार होतं, तोंडपाठच म्हणा ना. हा विषाणू पांगळा केलेला आहे. तो एकदाच आत शिरतो, त्याची पुढे पैदास होत नाही. तो बसला की पेशी हिरवी चमकते, त्या हिरव्या पेशी आम्ही मोजतो. रोग व्हायला माणूस लागतो. या बाटलीतल्या पेशी आहेत. हे सगळं त्यांनी सांगितलं. काचवाल्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हळूच विचारलं, "शेजारीपाजारी कुणाला कळलं तर?"

"कसं कळेल? माझ्याकडे नुसता नंबर आहे. तुम्ही आलात म्हणून तुमचा चेहरा बघितला. नाव मी अजूनही विचारलेलं नाही."

तेव्हा तो बसला. पत्र गुडघ्यावर ठेवून त्याने त्यावरून हात फिरवला. "या जिवंत आहेत म्हणता. आत्ता, आत?"

"हो."

त्याने पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मग कारागीर माणसाला दुसऱ्याचं काम दिसलं की जे होतं ते झालं. "पण हा बसतो कसा, ते नीट सांगा बघू एकदा," तो म्हणाला. बाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या, मध्ये कापून तिसरी घातली, टोकांच्या फटी दाखवल्या, त्या कोण बुजवतं ते सांगितलं.

"थांबा, थांबा. म्हणजे चौकट कापायची, काच आपली बसवायची, आणि फटी बुजवायची पुटी मात्र घरमालकाच्या डब्यातली?"

"अगदी तसंच."

"हलकट आहे हो!" काचवाला म्हणाला. बाईंना हसू आवरेना आणि त्याच्याही ओठांच्या कडा हलल्या. पण दुसऱ्याच क्षणी त्याने पत्राची घडी घातली आणि उठला. "तुमचं काम वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण सही नाही देणार. तिची आई हे वाचल्यापासून दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही."

विभागप्रमुख "सांगितलं नव्हतं का" असं म्हणाले नाहीत, नुसती मान हलवली. ते जास्त लागलं. बाईंनी प्रयोग थांबवला. नाना कपाटासमोर उभे होते. "मग यांचं खाणंपिणंही बंद करू?"

"कागदावर नकार आलेला नाही अजून. पाणी बदलत राहा."

दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी एक अनोळखी स्त्री आली. अंगाने किरकोळ, हातात कापडी पिशवी, ब्लाउजच्या खांद्याला टोचून ठेवलेली सुई काढायची राहून गेलेली. शिवणकाम करणारी असणार हे बघताक्षणी कळत होतं.

"मी तिची आई," ती म्हणाली. "यांना सांगून नाही आले. मला बघायच्या आहेत."

नानांनी तिलाही चपला बाहेर काढायला लावल्या, पण दटावलं नाही. झगा दिला, त्याचे बंद मागे स्वतः बांधले. बाईंनी एक बाटली काढली, जिच्यात विषाणू कधीच घातला नव्हता अशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आई वाकली. सवय नसल्याने आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग नीट दिसलं. लांबट, निमुळत्या, एकमेकींना टेकून पसरलेल्या पेशी, उथळ पाण्यातल्या मासोळ्यांसारख्या.

"एक गोल आहे."

"ती आता दोन होणार आहे," बाई म्हणाल्या.

आई डोळा हलवेना. ती पेशी मधोमध आवळत गेली तोवर अर्धा तास झाला असेल. नानांनी तिच्या मागे स्टूल आणून ठेवलं, पण ती बसली नाही. मग सरळ होऊन, कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, "यांना उन्हात ठेवता का कधी?"

खोटं बोलायचं बाईंच्या मनातही आलं नाही, पण उत्तर द्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"उन्हात नाही. एक दिवा आहे. उन्हातला जो भाग बाधतो, त्यातलाच पण त्याहून कडक प्रकाश त्यातून येतो. वर्षातून दोनदा सतरा नंबरच्या एका बाटलीवर तो धरतो. या पेशी खरंच त्याच आहेत ना, दुसऱ्या कुठल्या मिसळल्या नाहीत ना, याची खात्री करायला. दुरुस्ती येत नसली की त्या..."

"मरतात."

"त्या बाटलीतल्या. बहुतेक सगळ्या."

"किती वेळ धरता?"

"दहा सेकंद."

आईने मान डोलावली, जणू हिशेब जुळला. "सहा वर्षांची असताना दार उघडं राहिलं एकदा. मांजराच्या मागे धावली. अंगणापर्यंत जाऊन परत, तेवढंच. दहा सेकंदच असतील. तीन आठवडे फोड होते तोंडावर. आणि मी काय केलं माहितीये? आत ओढून आधी पाठीत धपाटा घातला. कोणी विचारलं, तू दिवसा का नाही दिसत गं, की सांगायची, मी घुबडबाई आहे. स्वतःच ठेवलं होतं नाव. आम्ही नाही."

"पत्रात रोगाचं नाव होतं," आई म्हणाली. "ते वाचून हे चिडले. मला काही नाही वाटलं त्याचं. माझ्या मामेभावाला होता तो, आम्ही एका ताटात जेवलोय. मी अडले होते ते वेगळ्याच गोष्टीवर. तिच्या पेशी ठेवल्यात, तर उजेडाचं काय करतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन दिवस तेच. पत्रात ते कुठे नव्हतंच. दिव्याचं का नाही लिहिलंत?"

"सुचलंच नाही," बाई म्हणाल्या. आणि खरं तेच होतं. दिवा धरणं हे त्यांच्या लेखी वजनकाटा तपासण्यासारखं काम होतं. तारीख, सही, पुढचं पान.

"राहून गेलं म्हणता, की लपवलंत?"

"राहून गेलं."

"लपवलं असतं तर बरं झालं असतं," आई झग्याचे बंद सोडत म्हणाली. "निदान ते मोठं आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं असं तरी झालं असतं."

ती गेल्यावर बाईंनी पहिल्या पत्राची प्रत काढून पुन्हा वाचली. विषाणूचं नाव लिहायला धीर लागला होता, म्हणून त्यांना वाटलं होतं की आपण सगळं सांगितलं. ज्याला धीर लागत नव्हता ते त्यांच्या नजरेसच पडलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलाच प्रकार. शिवाय एक गोष्ट सलत होती. विषाणूबद्दल त्या बापाला त्यांनी किती झटक्यात उत्तरं दिली होती! रोगाला माणूस लागतो, या बाटलीतल्या पेशी आहेत. ते वाक्य खोटं नव्हतं. पण आईसमोर ते तोंडातून निघालं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांना आठ वर्षांची रजिस्टरं काढायला सांगितली. दोघांनी मिळून पानं चाळली. दिवा किती वेळा धरला, पेशी किती वेळा गोठवल्या, किती वेळा दाटी झाली म्हणून निम्म्या मारायला क्लोरीनच्या पाण्यात टाकल्या, दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला कुप्या पाठवल्या. दिवा सोळा वेळा धरला होता.

"चौदा वेळा सही माझी आहे," नाना म्हणाले. "एवढ्या वर्षांत कधी मनात आलं नाही. पेशींना हंबरता येत नाही म्हणून मीच सगळ्यांना सांगत हिंडतो." चष्मा काढून त्यांनी पुसला. "माझंही लिहा त्यात. सांभाळणाऱ्यानेच धरला म्हणून."

बाईंनी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्याच्या दुप्पट लांब झालं आणि वाचायला काही सोपं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, "हे वाचून तर नक्कीच नाही म्हणतील."

"तो त्यांचा हक्क आहे, सर."

या वेळी त्या असं म्हणाल्या तेव्हा त्यांना स्वतःबद्दल काही विशेष वाटलं नाही. भीती मात्र वाटली. आठ वर्षं थोडीथोडकी नसतात.

नवराबायको दोघं आली, पण पंधरा दिवसांनी. काचवाल्याने पत्र घडी न घालता, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून आणलं होतं. टेबलाशी बसल्यावर आईनेच सुरुवात केली.

"हा जो शेवटचा प्रयोग म्हणता, त्यात तुम्ही तिच्यात नसलेलं ते प्रथिन परत घालणार?"

"हो."

"मग त्यांना ऊन सोसेल?"

"सोसायला हवं. या बाटलीतल्या पेशींना."

"मग तेव्हा का नाही घातलं? तिला?"

हा प्रश्न येणार हे बाईंना ठाऊक होतं. रात्री अंथरुणात त्यांनी त्याची सात-आठ उत्तरं करून मोडली होती. "बाटलीत पेशी एका थरात असतात," त्या म्हणाल्या. "तिथे प्रथिनाची सूचना पोचवता येते. अख्ख्या माणसाच्या अंगभर पोचवणं तेव्हा कुणाला येत नव्हतं. आजही येत नाही. तुमच्याकडून काही करायचं राहिलं नाही, डॉक्टरांकडूनही नाही. आणि माझा हा प्रयोग त्यासाठी आहे असंही मी म्हणणार नाही. तो त्या विषाणूसाठी आहे."

आईने बाईंकडे रोखून बघितलं. "हे बरं केलंत, सांगितलंत ते. नाहीतर मी आशेवर सही केली असती."

मग त्या दोघांचं तिथेच, बाईंच्या देखत जुंपलं. काचवाल्याला आता पेशी ठेवायच्या होत्या, अगदी कायमच्या. "कुठेतरी आहे ना ती, मग असू दे की!"

"ती नाहीये तिथे," बायको म्हणाली. "उगाच काहीतरी बोलू नका. मी बघून आले आहे. ती असती तर एव्हाना तिघांशी भांडली असती."

"तू बघून आलीस? कधी?"

"तुम्ही बोलत नव्हतात तेव्हा."

"मी बोलत नव्हतो? अगं, तूच बोलत नव्हतीस!"

नानांनी चहा आणला, योग्य वेळी. कपातला चहा संपेपर्यंत भांडण बरंच निवळलं. शेवटी आईने तोडगा काढला. सही एका वर्षाची, पुढचं पुढे बघू. आणि दुरुस्त न केलेल्या पेशींवर यापुढे दिवा धरायचा नाही.

"ओळख पटवायचं काय मग?" काचवाल्याने बाईंच्या वतीनेच विचारलं.

"डीएनए वाचून पटवता येते," बाई म्हणाल्या. "वेळ लागतो, महाग पडतं. म्हणून दिवा वापरायचो. यापुढे वाचून करू." मग त्यांनी पुढचंही सांगितलं, "पण दुरुस्त केलेल्या पेशींवर एकदा दिवा धरावाच लागेल. ते प्रथिन खरंच काम करतंय का, हे दुसऱ्या कशाने कळणार नाही. नसेल करत, तर त्याही मरतील."

आई कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. "त्या दिवशी मला बोलवा," ती म्हणाली, आणि सही केली. तिच्या खाली काचवाल्याने केली.

प्रथिन घालून पेशी वाढवायला दोन महिने लागले. पहिला प्रयत्न फसला, पेशींनी ते घेतलंच नाही. दुसरा साधला. ठरल्या दिवशी आई आली. नवरा एका दुकानाच्या दर्शनी काचेच्या कामावर होता, किंवा त्याने तसं सांगितलं. बाटलीतल्या पेशी नानांनी दिव्यासाठी उघड्या बशीत घेतल्या होत्या. दिव्याची पेटी बंद झाली. नानांनी बटणावर बोट ठेवलं आणि आईकडे बघितलं. तिने मान हलवली. एक, दोन, तीन... ती ओठातल्या ओठात मोजत होती, आणि सहावर तिचा हात आपोआप पुढे आला, कुणाला तरी मागे ओढायला यावा तसा. तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. दहा झाले. दिवा विझला.

"आता?"

"आता दोन दिवस वाट."

दोन दिवसांनी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकली. बाईंनी आधी बघितलं नव्हतं, तसं ठरवूनच. आईच्या पाठीकडे बघत त्या उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळाने पाठ हलली.

"आहेत," आई म्हणाली. "काही तरंगतायत, मेलेल्या असतील. पण आहेत पुष्कळ." मग ती स्टुलावर बसली आणि पदराने डोळे न पुसता, तसेच वाहू देत, नानांना म्हणाली, "मांजर हातात आलंच नव्हतं तिच्या. धपाटा खाऊनसुद्धा तेच विचारत होती, मांजर कुठे गेलं."

विषाणूचा प्रयोग त्यानंतर तीनदा केला. निकाल सांगायला बाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या, रविवारी सकाळी. घराच्या खिडक्यांना काचा होत्या, एक सोडून. ती कोणाची खोली होती हे विचारावं लागलं नाही. काचवाल्याने खुर्ची पुढे केली. बाईंनी सांगितलं ते असं: प्रथिन परत घातल्यावर सतरा नंबरमध्ये विषाणूचं बसणं उतरलं. म्हणजे ते प्रथिन त्याची तंगडी ओढतं, हे नक्की झालं. पण उतरून निरोगी पेशींच्या बरोबरीला यायला हवं होतं, तितकं ते आलं नाही. तिप्पट होतं ते दुपटीच्या जरा खाली आलं आणि तिथेच अडलं.

"म्हणजे आत आणखी कोणीतरी आहे," काचवाला म्हणाला. "त्याला पुटी देणारा."

"असावा. किंवा ओढणारा आणखी एक कमी असावा. ठाऊक नाही."

"आणि यातून औषध?"

"यातून लगेच नाही. कुठल्या जागी हात घालायचा, हे थोडं जास्त कळलं. इतकंच आहे, फुगवून सांगत नाही."

"इतकंच," आई म्हणाली. तिच्या आवाजात नाराजी होती का, बाईंना ओळखता आलं नाही. तिने शिवणाच्या मशीनवरचं कापड बाजूला केलं, खालून दोघांच्या सह्यांचा कागद काढला आणि तारीख वाचली. वर्ष संपायला अजून चार महिने होते.

"तो आणखी एक कोण ते शोधायला पेशी लागतील?" तिने विचारलं.

"लागतील."

"मग चार महिन्यांनी या. पत्र पाठवू नका. तोंडी सांगा, मी विचारीन ते विचारीन." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी काम घेऊ नका."

"नाही घेत," काचवाला म्हणाला.